इशारा खोटा ठरला म्हणजे काय झालं?



हवामान खात्याचा इशारा आला की मीरा-भाईंदरमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काही होत नाही हो, मागच्या वेळीही असंच सांगितलं होतं." आज आपण याच वाक्याचा विचार करू. कारण त्याची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही.

धूर दिसला की अग्नी आहेच, असं आपलं न्यायशास्त्र सांगतं. ही जोडी कधी चुकत नाही. तिला व्याप्ती म्हणतात. हवामानाच्या अंदाजामागे अशी अढळ व्याप्ती नसते. तो शक्यता सांगतो. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एक, दिवस एक. 'मुंबईत अतिवृष्टी' असा अंदाज कुलाब्यात बसलेल्या माणसाला थापच वाटला असता! आपल्या गल्लीत पाऊस पडला नाही, एवढ्यावरून इशारा खोटा होत नाही.

मग इशारा आल्यावर स्वतःला विचारायचं काय? तयारी केली आणि काहीच झालं नाही, तर आपलं काय जाईल? आणि तयारी केली नाही आणि झालं, तर काय जाईल? ही दोन पारडी समोर ठेवायची.

३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आपण म्हणालो, थोडक्यात वाचलो. पण श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली, तर फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ ला 'तौक्ते' आपल्या समोरून, समुद्रातूनच पुढे गेलं आणि सौराष्ट्रात जमिनीवर आलं. तरीही सांताक्रूझला २४ तासांत सुमारे २३० मिलीमीटर पाऊस झाला. म्हणजे वादळ 'आपल्याकडे येणार नाही' याचा अर्थ त्याची झळ लागणार नाही, असा नव्हे.

रंगांचा अर्थही लक्षात ठेवू. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. लाल रंग दिसल्यावर ताडपत्री शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. ठाणे-पालघरच्या भातशेतकऱ्याने ऑक्टोबरात नारिंगी इशारा पाहिला, तर कापणी दोन दिवस लांबवावी. कापलेलं भात उंचावर नेऊन झाकावं. विमा उतरवलेला असेल, तर पावतीचा कागद आधीच हाताशी हवा.

आता खरी अडचण. आपण फ्लॅटमध्ये राहणारे लोक इशारा आला की खिडकीतल्या कुंड्या आत घेतो, मोबाइल चार्ज करतो. इशारा फुकट गेला तरी आपलं काही जात नाही. उत्तनच्या मासळी सुकवणाऱ्या बाईचं तसं नाही. वलांडीवरचा बोंबील अर्धवट सुकलेला असतो. तो तसाच ठेवला तर पावसाने जातो, उतरवून ढीग घातला तर कुजतो. म्हणजे तिच्या दोन्ही पारड्यांत नुकसानच. शिवाय पीकविमा पिकाचा. बोंबील काही पीक नव्हे. तिने इशारा मानला नाही, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिला इशारा नीट कळतो. तो पाळणं परवडत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे : वेळेवर सांगणं ही तयारीची पहिली पायरी झाली. ज्याला सांगितलं, त्याला ते ऐकणं परवडेल अशी सोय करणं ही दुसरी. गावात छप्पर असलेली सुकवणीची जागा हवी, आणि इशारा पाळून झालेल्या नुकसानीचा काही वाटा सगळ्यांनी उचलायला हवा. इशारा सगळ्यांसाठी दिला जातो, मग तो पाळण्याचा खर्च एकटीच्या पदरात का?

यावर तुमचे प्रश्न असतील, ते जरूर विचारा.