कोतवालीचा जमाखर्च व त्यावरील देखरेख

१. नगराचें रक्षण करणाऱ्या अंमलदारानें पैसा कोठून आणावा, तो कसा खर्चावा आणि त्याचा हिशेब कोणी पाहावा, हा प्रश्न केवळ आजचा नव्हे. पेशवाईच्या दप्तरांत तो जागोजाग आढळतो. घाशीराम कोतवालाची कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोतवालीचा हिशेब कोण तपाशीत होतें, याची चर्चा त्या कथेच्या मानानें थोडी झाली आहे. प्रस्तुत लेखांत ती तपासणीची रीत, तिचें बळ व तिची मर्यादा थोडक्यांत दाखविण्याचा हेतु आहे.

२. आरंभ गांवापासून करूं. उल्हास नदीच्या कांठचें बदलापूर हें कल्याण प्रांतांतील गांव. येथें प्रवासाचे घोडे बदलीत म्हणून हें नांव पडलें, अशी लोकश्रुति आहे; समकालीन कागदाचा आधार मिळेपर्यंत ती श्रुतिच समजावी. मराठी अमलांत अशा गांवाची रखवाली पाटलाच्या हुकमतीखालीं गांवचा रखवालदार करी, आणि त्याचें वेतन बहुधा पिकाच्या वांट्यांतून मिळे. चोरी झाली तर चोराचा माग शेजारच्या गांवाच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचवावा, नाहीं तर नुकसानीची भरपाई करावी, असा दंडक होता. येथें वेतन देणारा व काम पाहणारा एकच, म्हणजे गांव. लेखणी मात्र पाटलाच्या हातीं नसून कुळकर्ण्याच्या हातीं. निराळ्या तपासनिसाची गरज फारशी भासत नसे.

३. शहरांत ही सोय राहत नाहीं. पुण्याच्या कोतवालाकडे केवळ चोरांचा बंदोबस्त नव्हता. बाजारभाव, वजनें-मापें, घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद, परगांवाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती व पेठांतील तंटे हीं सारीं कामें त्याचीं. एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत पुण्याच्या या बंदोबस्ताचा खर्च दरमहा सुमारें ९,००० रुपये दिला असून, त्यांत प्यादे, कांहीं स्वार व पुष्कळ रामोशी यांचा समावेश केला आहे. दुसऱ्या बाजूस कोतवालीला स्वतःची जमाहि होती, आणि गुन्हेगारी म्हणजे दंड ही त्या जमेची एक मुख्य बाब. जो शिक्षा करतो त्याच्याच खात्यांत शिक्षेचा पैसा जमा होतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचनाची किल्ली तीच आहे.

४. अंमलदारावर दाब ठेवण्याची मराठी राज्यांतील रीत म्हणजे दरकदारांची नेमणूक. किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस हे परस्परांहून स्वतंत्र असत. मामल्यांतहि दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरकदार असत. यांस मामलेदारानें नेमावयाचें नाहीं व काढावयाचेंहि नाहीं. त्यांचा धनी सरकार. हिशेब मुजुमदारानें मान्य केल्यावर फडणिसाकडे जाई व फडणीस त्यावर तारीख घाली. दफ्तरदार खातेवही ठेवी, पोतनीस शिलकेची नोंद ठेवी, पोतदार नाणें पारखी. कोतवालीची घडणहि याच धर्तीची होती. एका हातानें हुकूम, दुसऱ्या हातानें लेखन व तिसऱ्या हातानें रोकड, असा हा त्रिविध अडसर होय.

याच्या वर हुजूर दफ्तर. फडांत आलेल्या हिशेबांवरून बेहेडा तयार होई. त्यास आजच्या भाषेंत अंदाजपत्रक म्हणतां येईल. एकबेरीज दफ्तर पुण्यांतच राही आणि तेथें सर्व हिशेबांची वर्गवारी होऊन तर्जुमे उतरत. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत मामलती मक्त्यानें देण्याची चाल पडली, तेव्हां या तपासणीचा अर्थच उरला नाहीं. ज्यानें ठराविक रक्कम आगाऊ कबूल केली, त्याचा हिशेब पाहून काय करावयाचें?

५. आतां मर्यादा. घाशीराम सावळदास १७७७ सालीं कोतवाल झाला व १७९१ पर्यंत त्या जागेवर होता. त्या सालच्या ऑगस्टांत श्रावणी दक्षिणेसाठीं पुण्यास आलेले कांहीं तेलंगी ब्राह्मण परत जातांना त्याच्या बागेंत शिरले. त्यांस पकडून रात्रभर एका कोंदट जागेंत कोंडलें, आणि सकाळपर्यंत वीसांहून अधिक जण गुदमरून मेले. लोक खवळले, घाशीरामास त्यांच्या स्वाधीन करावें लागलें व त्याचा दगडांनीं अंत झाला. येथें लेखनाची उणीव नव्हती. उणीव होती ती लेखनानें उत्तर द्यावयाच्या प्रश्नाची. दरकदार विचारी, ‘रक्कम जमेस पडली कीं नाहीं?’ ‘ती कोणत्या मार्गानें आली?’ हें विचारणें त्याच्या दरकांत नव्हतें. दंडाची जमा वाढली तर ताळेबंदांत कोतवाल उत्तमच दिसावयाचा.

६. इंग्रजी अमलांत रीत पालटली. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यानें पाटील सरकारी साखळींत बांधला गेला. मुंबई शहरांत पोलिसांच्या खर्चाचा मोठा भार दीर्घकाळ म्युनिसिपालिटीवर होता, पण पोलीस कमिशनर सरकारचाच नोकर. पैसा देणारा एक व हुकूम करणारा दुसरा, ही तक्रार नगरसेवकांनीं वारंवार केली. अखेर १९०७ च्या कायद्यानें तो खर्च सरकारनें घेतला व मोबदल्यांत प्राथमिक शिक्षण व औषधोपचार यांचा भार म्युनिसिपालिटीकडे गेला. तंटा मिटला, परंतु शहराचा हक्क मिळून नव्हे, तर शहराची जबाबदारी सुटून.

आज बदलापूरचीं ठाणीं ठाणें पोलीस आयुक्तालयाकडे आहेत व त्यांचा खर्च राज्याच्या गृहखात्याच्या मागण्यांतून विधानसभा मंजूर करते. महालेखापाल तो तपासतो व लोकलेखा समिति त्यावर विचार करते. कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेस त्यांत मत नाहीं. वर्तणुकीच्या तक्रारींसाठीं सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निवाड्यानंतर निराळें प्राधिकरण निघालें. म्हणजे हिशेब एकीकडे व वर्तणूक दुसरीकडे, ही जुनी फाळणी कायमच आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजीं लहान मुलींवरील अत्याचाराची तक्रार घेण्यास विलंब झाला म्हणून संतप्त लोकांनीं बदलापूर स्थानकांत रेल्वे रोखली. त्या विलंबाचा आंकडा कोणत्याहि लेखापरीक्षणांत उमटला नसता.

७. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सनदा व पत्रें आपण जपतों. कोतवालीचे हजेरीपट, झाडे, ताळेबंद हे रुक्ष बंद मात्र रद्दींत जातात. शुहूर सन सबा सबैन मया व अलफ, म्हणजे ११७७, पासून इसन्ने तिसैन मया व अलफ, म्हणजे ११९२, पर्यंतचा पुण्यांतील असा एखादा बंद हातीं आल्यास तो घाशीरामाच्या अमदानीचा असण्याचा संभव आहे. त्यावर फडणिशी तारीख आहे कीं नाहीं, दंडाच्या रकमेपुढें अपराधाचें कारण लिहिलें आहे कीं नुसता आंकडा आहे, हें आधीं पाहावें, आणि तो बंद मूळ रुमालांतून वेगळा करूं नये. एकटा बंद आंकडा सांगतो. रुमाल तो आंकडा कोणी पाहिला हें सांगतो. देखरेखीचा इतिहास त्या दुसऱ्या गोष्टींतच आहे.