पिशवीत येतं तेच ताटात येतं

आपल्या घरात काय शिजणार, हे बहुधा एकच माणूस ठरवतो. कुठे आई, कुठे आजी, कुठे कामावरून येताना बाजार आणणारे वडील. त्यांची आवडनिवड हळूहळू साऱ्या घराची होते. त्यांना पालेभाजी आवडत नसेल तर ती पिशवीत येत नाही, म्हणून ताटातही दिसत नाही. मग आपणच म्हणतो, "पोरं भाजीला हातच लावत नाहीत!"

मिठाचंही तसंच. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला जास्तीत जास्त ६०० ग्रॅम. पापड, लोणचं, सुकट, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. किलोची पुडी महिन्यात संपत असेल, तर हात आखडायला हवा. रक्तदाबाचं दुखणं इथूनही वाढतं.

पण जी सगळ्यांना वाढते, ती स्वतः काय खाते? अनेक घरांत ती शेवटी बसते. तोवर भाजी संपलेली असते, मटणाचे चांगले तुकडे कमावत्याच्या ताटात गेलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. याला कारणं अनेक आहेत, पण ताटातली वाटणी आपल्या हातात आहे.

म्हणून एवढं करू या:

• बाजाराची यादी घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी. एका मुलाला रोज दहाचं पाकीट दिलं, तर महिन्याला ३०० रुपये जातात. त्यात अंडी, फुटाणे, शेंगदाणे येतात.

• मेथी, चवळी, मटकी, हरभरे, बाजरी आलटूनपालटून खावी. वर लिंबू पिळावं, जेवणासोबत चहा घेऊ नये. कलेजी, मटण, मासे यांतलं लोह अंगी लवकर लागतं.

• रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्यावं. वाढताना आईचं ताट आधी भरावं.

• सतत थकवा, धाप, चक्कर असेल तर आशाताईंना सांगून सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं.

बाजार आणणाऱ्या भावांनो, आज पिशवीत एक पालेभाजीची जुडी टाका आणि घरी सगळ्यांसोबत तुम्हीही खा. मुलं तुमच्याकडे बघूनच शिकतात.