सात परस खोल

येवल्यापासून समुद्र फार लांब. उन्हाळ्यात टँकरच्या खेपा मोजणारा आमचा तालुका. विहिरीतून काही बाहेर काढायची वेळ आली, तरच इथे पाणबुड्याची आठवण होते. पण गेल्या हिवाळ्यात पाणबुड्यांच्या दुखण्यांतून घडत गेलेली एक विद्या माझ्या मामांच्या पायापर्यंत पोचली.

मामा पैठणी विणतात. खड्डामागावर बसायचं म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडायचे. हातात धोटा, पायाखाली पावड्या. हात नक्षी काढतात, पण ताणा उघडतो तो पायांनी. त्यांच्या उजव्या अंगठ्याखाली कधीतरी काहीतरी टोचलं आणि त्यांना ते कळलंच नाही. जुन्या मधुमेहानं तळव्यांची जाणीव गेली होती. मामींना चादरीवर डाग दिसला तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. शल्यचिकित्सकांनी सडलेला भाग काढला, प्रतिजैविकं सुरू केली, पायाचा रक्तप्रवाह तपासला आणि मग सांगितलं, ‘याच्या जोडीला दाबाखालचा प्राणवायू देऊन पाहू.’ मामा-मामी नाशिकला मावशीकडे मुक्कामाला गेले. आठवड्यातून पाच दिवस, अशा तीस बैठका ठरल्या. बऱ्याचदा सोबत मी असायचो.

उपचाराच्या खोलीत जाड पारदर्शक नळकांडं आडवं ठेवलेलं, आत एका माणसापुरती गादी. बैठकीआधी रक्तातली साखर, रक्तदाब आणि कान तपासले जात. मग तंत्रज्ञ ताईंचे ठरलेले प्रश्न. ‘काका, खिशात काही? घड्याळ? बाम लावलाय?’ पहिल्या दिवशी मामा सवयीनं डोक्याला खोबरेल तेल चोपडून आले होते. केस धुऊन पुसल्यावरच त्यांना आत घेतलं. शुद्ध प्राणवायूत एक ठिणगीही जीव घेऊ शकते. म्हणून अंगावर फक्त सुती कपडे आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा.

‘खाली चाललोय, काका. कानाला दडे बसले की आवंढा गिळा.’ दार घट्ट बसलं, वायूचा फुसफुसाट सुरू झाला. मामा जागचे हलले नव्हते, तरी ताई ‘खाली’च म्हणत. पृष्ठभागावर एक वातावरणाचा दाब असतोच; समुद्रात दर 10 मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. काटा 2.4 वर थांबतो तेव्हा माणूस 14 मीटर खोल असल्यासारखा असतो. आमच्या भाषेत सात परस, काठोकाठ भरलेल्या विहिरीच्या तळाशी. काचेपलीकडे मामांच्या गळ्याची घाटी खालीवर होताना दिसायची. एकदा त्यांनी हात वर केला. ताईंनी लगेच काटा थांबवला, थोडा मागे घेतला, आणि मामांनी मान डोलावेपर्यंत वाट पाहिली.

त्या दाबाखाली रक्तात काय होतं? तांबड्या पेशी एरवीच प्राणवायूनं जवळजवळ भरलेल्या असतात. पण दाब वाढला की रक्तद्रवात प्राणवायू विरघळू लागतो. साध्या हवेत 100 मिलीलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलीलिटर विरघळतो; 2.4 वातावरणाला शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे 5. जिथे रक्त कमी पोचतं, तिथे ही शिदोरी कामी येते. नव्या केशवाहिन्या फुटायला आणि जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींना बळ यायला मदत होते.

मात्र हा प्राणवायू जपून द्यावा लागतो. दाबाखाली जास्त झाला तर झटके येतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी 1878 मध्येच दाखवलं होतं. म्हणून दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं मास्कमधून साधी हवा.

दीड तास संपला की मामांना घाई व्हायची. ‘झालं ना ताई? मग उघडा की.’ ‘वर यायलाही वेळ द्यायचा, काका. श्वास रोखू नका.’ दाब उतरताना छातीतली हवा फुगते. श्वास कोंडला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

हा सावकाशपणा माणसानं फार मोलानं शिकला आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना मजूर दाबाच्या हवेत काम करून वर यायचे आणि सांधे धरून कळवळायचे. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग 1872 मध्ये याच दुखण्यानं खचले. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन, सोड्याची बाटली उघडावी तसा, बुडबुडे होऊन बाहेर पडतो, हेही बेर यांनीच सिद्ध केलं. टप्प्याटप्प्यानं वर येण्याचे तक्ते जॉन हाल्डेन आणि सहकाऱ्यांनी 1908 मध्ये मांडले. बुडबुडे झालेल्या पाणबुड्याला आजही पुन्हा ‘खाली’ नेतात: 2.8 वातावरण दाब, प्राणवायू आणि जवळजवळ पाच तासांचा सावकाश प्रवास.

महाराष्ट्राला ही विद्या परकी नाही. कुलाब्याला नौदलाचं ‘अश्विनी’ रुग्णालय आणि नौदल वैद्यकशास्त्राची संस्था आहे. बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात खोल पाण्यात राबणाऱ्यांना आणि तारकर्लीला हौसेनं बुडी मारणाऱ्यांना तोच नियम लागू: खाली गेलात, तर हळूच वर या.

तिसाव्या बैठकीनंतर पट्टी सोडली तेव्हा जखमेत लालसर, दाणेदार मांस भरून येत होतं. श्रेय एकट्या प्राणवायूचं नाही. मधुमेही पायांवरच्या या उपचाराबद्दल अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. निवडक रुग्णांनाच तो दिला जातो. वेळेवरची शस्त्रक्रिया, रोजची मलमपट्टी, आटोक्यात आणलेली साखर आणि पायावर भार न देणं हे नसतं, तर त्या नळकांड्यानं काही साधलं नसतं. मला मात्र राहून राहून वाटतं, डाग दोन आठवडे आधी दिसला असता तर इतक्या खोल जावंच लागलं नसतं. ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी रोज तळवे पाहावेत, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

जखम पुरती भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हाच मामा मागावर बसले. खड्ड्यात पाय सोडण्याआधी ते आता पावड्यांवरून हात फिरवून कूस लागते का पाहतात. मग दोन्ही पाय मामींपुढे करतात. मामी बॅटरी लावून बोटांच्या बेचक्या तपासतात आणि म्हणतात, ‘उतरा आता.’