रात्री आठ वाजता, ईपरमध्ये

युरोप टूर म्हटलं की आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि ब्रसेल्सला अर्ध्या तासाचा फोटो-स्टॉप. पण ब्रसेल्सला जाणारच असाल, तर एक दिवस जास्तीचा काढा आणि ईपरची ट्रेन पकडा. साधारण दोन तासांत तुम्ही एका छोट्याशा, टुमदार गावात असता.

मुख्य चौकात चॉकलेटची दुकानं, कॅफे आणि समोर मध्ययुगीन थाटाचा भव्य क्लॉथ हॉल. जुना वाटतो ना? पहिल्या महायुद्धात तोफांनी अख्ख्या गावाचा चुराडा केला होता. हा हॉल पुन्हा जसाच्या तसा उभा राहायला १९६७ साल उजाडलं. आत ‘इन फ्लॅन्डर्स फील्ड्स’ म्युझियम आहे. त्यासाठी निवांत दोन-तीन तास ठेवा.

शाळेत पहिलं महायुद्ध आपण ‘टीपा लिहा’पुरतं वाचलं. त्यात आपली माणसं होती, हे इथे आल्यावर कळतं. मुंबई आणि कराचीहून बोटीने निघालेले भारतीय सैनिक १९१४च्या सप्टेंबरअखेर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले आणि महिन्याभरात ईपरच्या खंदकांत पोचले. ३१ ऑक्टोबरला जवळच्याच होलेबेकेला खुदादाद खान एकटे मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक. एप्रिल १९१५मध्ये जर्मनांनी इथे विषारी वायू सोडला. त्याच लढाईत जमादार मीर दस्त यांनी आठ जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी आणायला मदत केली. त्यांनाही तोच सन्मान मिळाला.

हे दोघं वाचले. जे हरवले, ज्यांची कबरही सापडली नाही, त्यांची नावं मेनिन गेटवर आहेत. १९२७मध्ये उभारलेल्या या कमानीवर ५४ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, तरी जागा पुरली नाही. उरलेली जवळपास ३५ हजार टाइन कॉटच्या दफनभूमीतल्या भिंतींवर आहेत. गेटवर भारतीय पलटणींचे रकाने शोधा. तिथली सिंग, खान, थापा ही नावं वाचताना आपोआप आवाज खाली येतो. शेजारच्या तटबंदीवर भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारकही आहे.

रोज रात्री बरोबर आठला इथली वाहतूक थांबते आणि बिगुलवर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. १९२८पासूनची ही प्रथा फक्त दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या काळात इथे खंडित झाली. तिकीट नाही. चांगली जागा हवी तर साडेसातलाच पोचा, मोबाइल सायलेंटवर टाका आणि टाळ्या वाजवू नका.

म्हणूनच डे-ट्रिप नको, रात्रीचा मुक्काम ठेवा. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या माणसांसाठी हे गाव रोज काही मिनिटं थांबतं. त्यांत आपलीही माणसं आहेत. आपल्यापैकी कुणीतरी तिथे उभं असायला हवं.