बॅकट्रेसची भाषा अर्ध्यावरच राहिली

मागच्या महिन्यात एका तरुण सहकाऱ्याने जीडीबी या डीबगरच्या संदेशांची मराठी फाइल मला पाठवली. भाषांतर यंत्राकडून करून घेतलेलं, एकही ओळ रिकामी नाही. स्टॅक फ्रेमच्या संदेशांपाशी मात्र मी अडलो. फ्रेम कुठल्या पातळीवर आहे आणि कुठल्या पत्त्यावर आहे हे सांगणारा संदेश इंग्रजीत पत्त्याच्या अलीकडेच संपतो. पत्ता त्यानंतर वेगळा छापला जातो. मराठीत 'वर' हा शब्द पत्त्याच्या पलीकडे यायला हवा, आणि तिथे भाषांतरकाराला हातच घालता येत नाही. यंत्राने तिथे 'येथे फ्रेम' असं काहीतरी घालून वेळ मारून नेली होती. त्या मुलाला मी दोष देणार नाही. असे संदेश अखंड करण्याचं काम वीस वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं, ते झालं नाही याचा राग मला अजूनही आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली जीडीबी लिहिला. त्यानंतरची कितीतरी वर्षं भाषेचा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता, तेव्हा त्या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ग्नू प्रकल्पाकडे गेटटेक्स्ट आलं आणि प्रोग्रॅमचे संदेश कोडमधून वेचून भाषांतरासाठी वेगळ्या फाइलीत काढण्याची सोय झाली.

खरं दशक त्यानंतरचं. पुण्यात आम्ही काही जण नोकरी सांभाळून संध्याकाळी नोम, केडीई, फेडोरा यांचे संदेश मराठीत आणत होतो. देवनागरीसाठी लोहित फाँट आला होता, जोडाक्षरं पडद्यावर हळूहळू नीट उमटू लागली होती. एकेका शब्दावर तासभर वाद व्हायचा. पैसे कुणालाच मिळत नव्हते. संगणकाने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावं, एवढ्यासाठी माणसं तेव्हा जागरणं करत होती. ती माणसं आता पांगली, ते वाद मिटले, आणि त्याबरोबर शब्दाची फिकीरही गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच काळात, २००५ च्या सुरुवातीला, जीडीबीच्या कोडमध्ये मोठी साफसफाई झाली. चुकांचे, इशाऱ्यांचे आणि प्रश्नांचे संदेश एकामागून एक अंडरस्कोर आणि कंसात गुंडाळले गेले, म्हणजे गेटटेक्स्टला ते सापडावेत. नवा संदेश तसा गुंडाळला नसेल तर ते दाखवून देणारी तपासणीही होती. आम्हाला कोण आनंद झाला! 'स्टॅक नाही', 'आणखी वर जाता येणार नाही' ही पुरी वाक्यं होती, ती मराठीत सहज बसली असती.

पण डीबगरमध्ये माणूस दिवसभर वाचतो ती ओळ बॅकट्रेसची, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्याला हाक मारली त्या यादीची. ती ओळ स्टॅक डॉट सी या फाइलीतलं एक फंक्शन तुकड्यातुकड्याने छापतं. आधी फ्रेमचा क्रमांक, मग गरज असेल तर पत्ता आणि त्यामागे ' इन ', मग फंक्शनचं नाव, कंसात आर्ग्युमेंट्स, मग ' ॲट ', फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. सोर्स फाइल माहीत नसेल तर शेवटी ' फ्रॉम ' आणि लायब्ररीचं नाव. अंमलबजावणी एखाद्या ओळीच्या अगदी आरंभी थांबली असेल तर पत्ता गळतो आणि त्याच्याबरोबर ' इन ' सुद्धा. 'इन'ला नुसतं अंडरस्कोरमध्ये गुंडाळून काय उपयोग? मराठीत 'मध्ये' नावानंतर येतं. तीच गत जपानीची, तीच तमिळची. गेटटेक्स्टच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितलंय की पूर्ण वाक्यं द्या, तुकडे जोडू नका. जागांना क्रमांक देऊन शब्दांचा क्रम बदलायची सोयही आहे. प्रत्येक प्रकारच्या ओळीसाठी एक अखंड वाक्य लिहायचं, एवढंच काम होतं.

ते का झालं नाही, याचं कारण कोडमध्येच आहे. तेच फंक्शन माणसासाठी ओळ छापतं आणि एमआय या यंत्रांसाठीच्या इंटरफेसला वेगवेगळी क्षेत्रंही पुरवतं. एक्लिप्ससारख्या प्रोग्रॅमला फंक्शनचं नाव, फाइल, ओळ असं सुटं सुटं हवं असतं, म्हणून ओळ मुळातच सुट्या तुकड्यांची बांधली गेली. यंत्रांची सोय उत्तम झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. मला सलतं ते एवढंच की यंत्रांना इंग्रजी वाक्य वाचायची गरज उरली नाही, त्यानंतर तरी माणसाचं वाक्य मोकळं करायला हवं होतं. मी ज्या कंपनीत होतो तिथले वरिष्ठ मला सांगायचे, 'भाषांतर केलंस तर चाचण्या कोसळतील.' जीडीबीच्या चाचण्या लोकॅल सी वर, म्हणजे मूळ इंग्रजी संदेशांवर ठेवूनच चालतात, त्यांना मराठीचा स्पर्शही होत नाही. हे वरिष्ठांना कोड उघडून दाखवलं, तेव्हा त्यांचं पुढचं वाक्य तयार होतं: 'ज्याला इंग्रजी येत नाही, त्याने डीबगरला हात कशाला लावायचा?' एकच आक्षेप मला प्रामाणिक वाटला, की टर्मिनलमध्ये देवनागरी तुटून दिसते. ते खरं होतं, आणि बऱ्याच टर्मिनलमध्ये आजही खरं आहे.

त्या वर्षांत मी डिप्लोमाच्या मुलांना शनिवारी सी शिकवत असे. मराठी माध्यमातून आलेली, हुशार पोरं. बॅकट्रेस मध्येच थांबला की जीडीबी कारण देतो: आधीची फ्रेम या फ्रेमच्या आत आहे, स्टॅक बिघडला असावा. 'प्रीव्हियस' म्हणजे हाक मारणारं फंक्शन, जे यादीत खाली छापलेलं असतं. 'अप' म्हटलं की फ्रेमचा क्रमांक वाढतो आणि नजर पडद्यावर खाली जाते. मुलं त्या संदेशाकडे बघत राहायची आणि स्वतःच्या इंग्रजीला दोष द्यायची. गोंधळ मूळ संदेशातच होता. असा संदेश भाषांतराला देताना भाषांतरकारासाठी एक टीप लिहावी लागते, आणि ती लिहायची म्हणजे 'आधीची' कुणाच्या आधीची, हे लिहिणाऱ्याला स्वतःला ठरवावं लागतं. इंग्रजी वाचणाऱ्यांचंही त्यात भलंच झालं असतं.

आता मुलं तो संदेश वाचतच नाहीत. सबंध बॅकट्रेस उचलून एआयच्या खिडकीत टाकतात आणि येईल ते उत्तर मानतात. म्हणून डीबगरने धड बोलायची गरज संपली, असं मला अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. बंद नेटवर्कच्या खोलीत, ग्राहकाच्या सर्व्हरवर, रात्री दोन वाजता समोर फक्त ती ओळ असते.

सहकाऱ्याला मी फाइल परत पाठवली आहे. मराठी तूर्त बाजूला ठेव आणि बॅकट्रेसच्या ओळीचे सगळे प्रकार अखंड वाक्यांत मांडून आधी पॅच दे, असं त्याला कळवलंय. एमआयची क्षेत्रं जशीच्या तशी राहतील याची काळजी घ्यावी लागेल. नाहीतर पॅच पहिल्याच दिवशी परत येईल.