पक्षाघातानंतरची मुदत

देवणीसारख्या, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या तालुक्यात कुणाच्या अंगावरून वारे गेले, की उदगीर किंवा लातूर गाठेपर्यंतची धावपळ सारी भावकी करते. परंतु जीव वाचून रुग्ण घरी परतला, म्हणजे खाट, तेलाचे मालिश आणि देवावर हवाला एवढीच तजवीज उरते. वास्तविक मेंदूची खरी मुदत तेव्हाच चालू झालेली असते.

मृत पेशी परत येत नसल्या, तरी आसपासच्या पेशी नव्या जोडण्या करून गेलेल्या हालचालींचा काही कारभार स्वतःकडे घेतात, आणि ही तत्परता पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत हाताच्या २० तासांच्या जादा व्यायामाचा सर्वांत ठळक लाभ दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर दिसला. सहा महिन्यांनंतर तो दिसेना. मात्र घाईही बाधते: २०१५ च्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालवलेल्या रुग्णांची स्थिती तुलनेने वाईटच निघाली.

यापुढील अडचण पुनरावृत्तीची. प्राण्यांवरील प्रयोगांत हालचाल शेकडो वेळा करवून घेतात. उलट २००९ च्या एका पाहणीत उपचाराच्या बैठकीत दुबळ्या हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. येथे यंत्र उपयोगी पडते. दोन्ही मनगटांवर बांधलेला गतिसंवेदक हा एक निःपक्षपाती कारकूनच: दुबळा हात दिवसभरात किती हलला आणि धडक्या हाताने किती काम परस्पर उरकले, याची नोंद तो ठेवतो. (घरच्यांच्या हिशेबात माया मिसळते.) वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मद्रासची आयआयटी यांनी सिद्ध केलेला ‘प्लूटो’ हा टेबलावर मावणारा यंत्रमानव; रुग्ण मनगट वळवतो, मूठ उघडतो, पडद्यावरचा खेळ त्या हालचालीने चालतो, आणि जेथे बळ अपुरे पडेल तेथे मोटार हात देते.

तथापि यंत्र घरी पोहोचवून मोकळे होणे मला मान्य नाही. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत नातलगांना शिकवून व्यायाम त्यांच्यावर सोपवला. २०१७ साली निष्कर्ष आला, तो सहा महिन्यांअखेर काही फरक न पडल्याचा. म्हणून अशा यंत्राची जागा तालुक्याच्या दवाखान्यात, नियमित हजर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आहे. तशी व्यवस्था होईतो, रुग्णाला रजा मिळताना कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा आणि फेरतपासणी कोणत्या तारखेला, एवढे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे.