जुन्या जीपचे स्टेअरिंग : पेच आवळावा की पेटी उघडावी?

शेतकऱ्याच्या घरी आलेले यंत्र सहसा लवकर मोडीत जात नाही. १९४७ साली मुंबईस महिंद्र यांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि त्या धर्तीच्या गाड्या पुढे कित्येक दशके आपल्या देशात निघत राहिल्या. त्यांपैकी पुष्कळ अद्यापि बागाईतदारांच्या दारी उभ्या असून खत, बेणे, भाजीच्या पाट्या आणि प्रसंगी घरची माणसेही वाहतात. ही गाडी दुरुस्तीस सोपी खरी. परंतु तिच्या स्टेअरिंगच्या पेटीविषयी होणारी हयगय आम्हांस चिंतेची वाटते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांची जीप उसाचे बेणे घेऊन कालव्याच्या वाटेने येत होती. वळणावर स्टेअरिंग वळले, पण परत सरळ होईना. गाडी बांधास अडली म्हणून जीवावरचे संकट टळले. चौकशी करता असे कळले की, स्टेअरिंग ढिले वाटू लागले म्हणजे पेटीच्या बाजूचा पेच थोडा आवळून घ्यावयाचा, असा क्रम कित्येक वर्षे चालला होता. अपघाताचे मूळ त्या आवळण्यातच होते.

हे कसे, ते समजण्यास पेटीची रचना ध्यानी घेतली पाहिजे. जुन्या जीपमध्ये रॉस पद्धतीची पेटी असते. स्टेअरिंगच्या नळीच्या खालच्या टोकास नागमोडी खाच असलेला एक कॅम असतो व तो दोन्ही टोकांस गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो. त्या खाचेत आडव्या शाफ्टच्या दोन निमुळत्या खुंट्या बसतात. कॅम फिरला की खुंट्या सरकतात, शाफ्ट वळतो आणि बाहेरचा ड्रॉप आर्म पुढील चाकांकडे जाणारा दांडा ओढतो अथवा ढकलतो. गाडी बहुतेक काळ सरळच चालत असल्यामुळे खाच मध्यभागी अधिक झिजते व दोन्ही बाजूंस जवळजवळ नवीच राहते. अशा पेटीत मधला ढिलेपणा जाईपर्यंत पेच आवळला, तर वळताना खुंट्या न झिजलेल्या भागात जाऊन आवळून बसतात. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाल्यास पाचर ठोकून वेळ निभते. पण दांडाच कुजला असेल तर पाचर काय करणार?

तथापि ढिलेपणा दिसला की दोष पेटीचाच, असेही समजू नये. गाडी सपाट जागी उभी करून एकाने स्टेअरिंग हळूहळू दोन्हींकडे हलवावे व दुसऱ्याने खाली पाहावे. ड्रॉप आर्म हलूनही चाके हलत नसतील, तर दांड्यांचे गोळे किंवा बेलक्रँक झिजला आहे. चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलविल्यास किंगपिन व चाकाचे बेअरिंग यांची परीक्षा होते. स्टेअरिंग फिरूनही ड्रॉप आर्म स्वस्थ राहिला, तरच दोष पेटीचा.

पेटी उतरविताना ड्रॉप आर्म व शाफ्ट यांवर खूण करून ठेवावी आणि आर्म पुलरने काढावा. हातोडीचे घाव आतील खुंट्यांस बाधतात. नंतर सर्व भाग रॉकेलने धुऊन उजेडात पाहावेत. खुंट्यांस सपाटी आली आहे काय, खाचेचा पृष्ठभाग उडाला आहे काय, गोळ्या व त्यांच्या वाट्या खरबरीत झाल्या आहेत काय, शाफ्ट बुशात डुलतो काय, हे क्रमाने तपासावे. कॅम व खुंट्यांचा शाफ्ट यांपैकी एकच नवा घालणे ही खोटी काटकसर होय. झिजलेला भाग नव्यास लौकरच खातो. खुंट्यांवर वेल्डिंगचा भर घालण्याचे तर नावच काढू नये. आच लागली की पोलादाचे पाणी उतरते, आणि असा भाग केव्हा तुटेल याचा नेम नाही.

जुळणीत प्रथम वरच्या झाकणाखालील पातळ शिमा कमीजास्त करून कॅमचा वरखाली होणारा ढिलेपणा घालवावा. या वेळी बाजूचा पेच सैल असावा. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे घेते ते मोजून बरोबर निम्म्यावर आणावे व पेच असा लावावा की, मध्यातून जाताना किंचित अटकाव हातास जाणवेल. कारखान्यात खाच मध्यभागी मुद्दाम किंचित उथळ ठेवलेली असते; म्हणून दोन्ही टोकांस थोडा ढिलेपणा राहिल्यास तो दोष मानू नये. चाके सरळ व पेटी मध्यावर असतानाच दांडा जोडावा, आणि नळीस पीळ अथवा बाक न देता पेटी व नळीची पकड कसावी. पेटी गळते म्हणून तीत ग्रीस भरण्याची चाल वाईट आहे. ग्रीस बाजूस सारले गेले की परत खाचेत येत नाही. ऑईल सील नवे घालून गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ऑईलच भरावे.

दुसऱ्या जातीच्या गाडीची पेटी बसविण्याचा मोह कित्येकांस होतो. अमेरिकेतही १९७२ च्या जीपपासून रॉस पेटी जाऊन गोळ्यांच्या फिरत्या रांगेची पेटी आली, हे खरे. परंतु त्यासाठी चासीवर नवे आधार व दांड्यांची नवी मापे लागतात. शिवाय गाडीतील फेरफारांवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचे बंधन आहे. म्हणून परिवहन कार्यालयात विचारल्यावाचून त्या वाटेस जाऊ नये.

काम झाल्यावर गाडी प्रथम रिकामी, मोकळ्या रानात दोन्हींकडे पूर्ण वळवून पाहावी व काही दिवसांनी पेटीचे बोल्ट आणि त्यांभोवतीची चासी पुन्हा तपासावी. आमच्या त्या मित्रांनी कॅम व शाफ्टची जोडी नवी घातली. त्यास जो खर्च आला, तो कालव्याकाठच्या त्या एका क्षणाच्या मानाने त्यांस फार वाटला नाही. इतर बंधूंनी तो क्षण येण्याची वाट पाहू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.